हेडमास्तरांचा मतदारसंघ

राज्यांचे इतिहास लिहिले जातात, घराण्यांचे लिहिले जातात. किल्ल्यांचे तर इतके लिहिले गेले आहेत की, एखादा बुरूज इतिहासाच्या ओझ्यानेच ढासळेल की काय अशी भीती वाटते. मतदारसंघाचा इतिहास मात्र कोणी लिहायला घेत नाही. मतदारसंघ म्हणजे कोणा अधिकाऱ्याने नकाशावर ओढलेली रेघ. दहा-वीस वर्षांनी दुसरा अधिकारी येतो, रेघ पुसतो आणि नवी ओढतो. जुने नाव जाते, नवे येते आणि गावकरी दोन्ही विसरतात. परंतु त्या रेघेच्या आत माणसे राहत असतात. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली ती हजारो माणसे एका दिवशी रांगेत उभी राहतात आणि आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती देतात. दिलेला हा अधिकार मध्येच परत मागता येतो काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. तो छळतो याचे कारण माझा धंदा. मी शाळामास्तर. निवडणूक जवळ आली की खडू खाली ठेवून याद्या तपासायच्या आणि मतदानाच्या दिवशी टेबलामागे बसून लोकांच्या बोटांना शाई लावायची, हे काम आम्हा मास्तरांच्या कपाळी लिहिलेले आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जिथे जाऊन पोहोचलो, ते ठिकाण आपल्यापासून फार दूर आहे. कॅनडा देशात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्या प्रांताच्या कायदेमंडळात ‘ओकोटोक्स–हाय रिव्हर’ नावाचा एक शेतकरी मतदारसंघ होता. १९३० साली तो जन्माला आला आणि १९७१ साली नकाशावरून गेला. उणीपुरी एकेचाळीस वर्षे! पण तेवढ्या आयुष्यात त्याने असा एक प्रकार केला की, लोकशाहीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी ऐकावा. आणि मौज अशी की, त्या गोष्टीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, एका शाळेचा हेडमास्तर होता!

प्रथम मुलूख पाहू. कॅलगरी शहरातून दक्षिणेला निघाले की तासाभराच्या आत ही गावे लागतात. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या, पूर्वेला क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ माळ. शीप नावाच्या नदीकाठी ओकोटोक्स, हायवुड नदीकाठी हाय रिव्हर. ‘ओकोटोक्स’ हे नाव तिथल्या मूळच्या ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतील ‘खडक’ या अर्थाच्या शब्दावरून आले. गावाजवळ उघड्या माळावर एक प्रचंड शिळा पडलेली आहे, सुमारे साडेसोळा हजार टन वजनाची. हिमयुगातल्या हिमनदीने ती डोंगरातून वाहून आणली, असे भूगोल सांगतो.

ब्लॅकफूट लोकांची कथा निराळी आहे. नापी नावाचा त्यांचा एक खोडकर आदिपुरुष उन्हाने दमून या खडकावर बसला आणि खूश होऊन त्याने आपली कातडी शाल खडकाला देऊन टाकली. पुढे आभाळ भरून आले, थंडी वाजू लागली, तेव्हा नापीने ती शाल परत मागितली. खडक देईना. नापीने ती ओढून घेतली आणि पळाला. खडकही गडगडत त्याच्या मागे धावला! वाटेत जी जनावरे अडवायला आली ती चिरडली गेली. शेवटी वटवाघळांनी धडका मारून खडकाचे दोन तुकडे केले, तेव्हा कुठे नापी वाचला. एकदा दिलेले परत ओढून घेतले की काय होते, ते या मुलखाच्या मातीतच अशा रीतीने लिहून ठेवले होते. पुढे येणाऱ्या पुढाऱ्यांनी ते वाचले नाही, इतकेच.

१८७७ साली ब्लॅकफूट आणि शेजारच्या जमातींबरोबर इंग्रज सरकारचा सातव्या क्रमांकाचा करार झाला आणि हा मुलूख गोऱ्यांसाठी मोकळा झाला. आधी गुरांचे मोठमोठे कळप पाळणारे आले. १८८२ साली स्थापन झालेला ‘बार यू’ हा तिथला नामांकित गुरांचा वाडा याच भागातला. मग रेल्वे आली आणि तिच्यामागून १६० एकरांचा सरकारी तुकडा मिळवून नांगर धरणारे शेतकरी आले. कोणी इंग्लंडातून, कोणी पूर्व कॅनडातून, तर कोणी अमेरिकेतून. अमेरिकेतून आलेले हे शेतकरी बियाण्याबरोबर विचारांचीही पोती घेऊन आले होते. निवडून दिलेला माणूस नालायक निघाला तर मुदतीची वाट न पाहता त्याला घरी बोलवावे, हा त्यांतलाच एक विचार. अमेरिकेत ओरेगन राज्याने १९०८ सालीच हा हक्क आपल्या लोकांना दिला होता.

१ सप्टेंबर १९०५ रोजी अल्बर्टा हा स्वतंत्र प्रांत झाला. पहिल्या कायदेमंडळात जागा पंचवीस. त्यांतली एक हाय रिव्हरची. ओकोटोक्सला वेगळी जागा मिळाली ती १९०९ साली. १९१६ साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी हाय रिव्हरच्या दक्षिणेकडच्या क्लेअर्सहोम मतदारसंघातून लुईज मॅकिनी निवडून आल्या. ब्रिटिश साम्राज्यात कायदेमंडळावर निवडून आलेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु ज्यांच्या भाषेतून ओकोटोक्सने आपले नाव घेतले, त्या मूळ रहिवाशांना प्रांतिक निवडणुकीत मत मिळण्यासाठी १९६५ साल उजाडावे लागले. मतदारसंघ जमिनीवर आखला, पण जमिनीच्या जुन्या धन्यांना यादीबाहेर ठेवून!

ओकोटोक्समधून १९०९ साली जॉर्ज होडली निवडून आले ते १९३५ पर्यंत हललेच नाहीत. आरंभी ते कॉन्झर्व्हेटिव्ह होते, काही काळ त्या पक्षाचे नेतेही होते. १९२१ साली शेतकरी संघाची लाट आली आणि ‘युनायटेड फार्मर्स’चे सरकार स्थापन झाले, तेव्हा होडली त्या पक्षात जाऊन शेतीमंत्री झाले. वाऱ्याची दिशा ओळखणारे गृहस्थ! १९३० साली ओकोटोक्स आणि हाय रिव्हर हे दोन मतदारसंघ एक झाले आणि या जोडमतदारसंघाचे पहिले प्रतिनिधीही तेच झाले.

होडली यांच्या नावावर एक काळे पान आहे, ते उलटून पुढे जाणे बरे नव्हे. १९२८ साली त्यांनी कायदेमंडळात एक विधेयक मांडले आणि ते मंजूर झाले. ज्यांना मतिमंद किंवा मनोरुग्ण ठरवले जाई, त्यांना मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करण्याचा तो कायदा. तो १९७२ पर्यंत जिवंत राहिला आणि त्याखाली सुमारे २,८०० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. आरंभी त्यात निदान संमतीची अट तरी होती. ही ‘संमती’ वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काय झाले ते सांगतो.

आता हेडमास्तरांकडे वळू. विल्यम अ‍ॅबरहार्ट हे मूळचे पूर्वेकडच्या ऑन्टॅरिओ प्रांतातले. १९१० साली ते कॅलगरीस आले आणि १९१५ पासून वीस वर्षे तिथल्या क्रेसेंट हाइट्स हायस्कुलाचे हेडमास्तर होते. (हेडमास्तरांचा उल्लेख एकेरीत करणे माझ्याच्याने होणार नाही, वाचकांनी मला क्षमा करावी.) देह धिप्पाड, आवाज भारदस्त, वेळापत्रक आखण्यात हातखंडा. दर रविवारी बायबलवर प्रवचन देत. १९२५ साली रेडिओ हे नवे यंत्र हाती आले आणि त्यांचे प्रवचन माळरानावरच्या एकाकी घरांत ऐकू येऊ लागले. मैलच्या मैल शेजार नाही, बाहेर बर्फ पडतो आहे आणि पेटीतून हेडमास्तरांचा आवाज येतो आहे! त्या घरांतल्या माणसांना तो आवाज घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वाटू लागला असल्यास नवल नाही.

अशात जगभरची मंदी आली. १९२९ साली गव्हाच्या बुशेलला डॉलराहून जास्त भाव होता. १९३२ च्या अखेरीस तो चाळीस सेंटांच्याही खाली उतरला. वरून अवर्षण. पीक विकून कापणीचा खर्च निघेना. सावकारी बँकांची, आणि बँका पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतल्या. आपल्या शाळेतून चांगली शिकून बाहेर पडलेली मुले बेकार फिरताहेत, हे हेडमास्तर रोज पाहत होते. १९३२ च्या उन्हाळ्यात एडमंटन येथे परीक्षेचे पेपर तपासायला गेले असताना एका शिक्षकमित्राने त्यांच्या हातात एक पुस्तक ठेवले. मेजर डग्लस नावाच्या इंग्रज इंजिनियराचे ‘सोशल क्रेडिट’ हे अर्थशास्त्र त्यात समजावून सांगितले होते. जगात माल भरपूर आहे, पण तो विकत घेण्याइतका पैसा लोकांच्या हाती येत नाही, तेव्हा सरकारनेच तो दरमहा वाटावा, असे त्याचे थोडक्यात सार.

हेडमास्तरांना जणू गणिताची गुरुकिल्ली सापडली. प्रवचनात बायबलच्या जोडीला अर्थशास्त्र आले. रेडिओवर नाटुकली सुरू झाली. त्यांत मंगळावरून आलेला एक पाहुणा विचारी, की कोठारे भरलेली असताना तुमची माणसे उपाशी का? प्रत्येक सज्ञान माणसाला महिना पंचवीस डॉलर मिळतील, असे हेडमास्तर सांगत. जिथे वर्षाचा हिशेब वजाबाकीत संपत होता, तिथे दरमहा पंचवीस डॉलर! जुन्या पक्षांनी ही योजना स्वीकारली नाही, तेव्हा हेडमास्तरांनी स्वतःच पक्ष उभा केला. उमेदवार ठरवण्याची त्यांची रीत खास शाळेतली होती. प्रत्येक मतदारसंघाने तीन-चार नावे सुचवायची आणि त्यांतला कोण उभा राहील ते हेडमास्तरांनी सल्लागारांसह बसून, मुलाखती घेऊन ठरवायचे. वर्गाने नावे द्यावीत आणि मॉनिटर मास्तरांनी नेमावा, तसे.

२२ ऑगस्ट १९३५ रोजी निवडणूक झाली. ६३ पैकी ५६ जागा हेडमास्तरांच्या पक्षाला! चौदा वर्षे राज्य करणाऱ्या शेतकरी पक्षाला एकही नाही. ओकोटोक्स–हाय रिव्हरमध्ये सव्वीस वर्षे टिकलेले होडली पडले आणि विल्यम मॉरिसन निवडून आले. परंतु अ‍ॅबरहार्ट स्वतः कोठूनच उभे राहिले नव्हते. मुख्यमंत्री व्हायचे तर कायदेमंडळात जागा हवी. मॉरिसन यांनी राजीनामा दिला आणि ४ नोव्हेंबर १९३५ रोजी अ‍ॅबरहार्ट ओकोटोक्स–हाय रिव्हरचे प्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवडून आले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. बिनविरोध निवडणुकीचे आपल्याकडे फार कौतुक होते. हारतुरे होतात, गावाला बक्षिसे मिळतात. तिच्या खर्चात बचत होते हे खरे. परंतु त्या दिवशी मतदाराच्या हातात चिठ्ठी पडत नाही, तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ओकोटोक्स–हाय रिव्हरच्या लोकांनी मत दिले होते ते मॉरिसन यांना, मिळाले मुख्यमंत्री. मान मोठा होता, यात शंका नाही. पण ज्याला आपण स्वतः निवडले नाही त्याला काढण्याचा विचार मनात येणे थोडे सोपे जात असेल, असे मला वाटते.

१९३६ च्या एप्रिलमध्ये नव्या सरकारने आपल्याच हाताने एक कायदा केला. मतदारसंघाच्या यादीतील एकूण मतदारांपैकी दोनतृतीयांश लोकांनी सह्या केल्या, तर तिथल्या आमदाराची जागा रिकामी होईल. शेतकरी चळवळीने जे स्वप्न पाहिले आणि शेतकऱ्यांच्या सरकारने चौदा वर्षांत जे केले नाही, ते हेडमास्तरांनी आठ महिन्यांत करून दाखवले. अट अवघड होती, हे खरे. मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश नव्हेत, यादीतल्या नावांचे दोनतृतीयांश! त्यात परगावी गेलेले आले, आजारी आले, कधीच मत न देणारेही आले. आमच्यासारखे यादी घेऊन दारोदार फिरलेले लोकच जाणतात की, तीन घरांपैकी दोन घरांतून सही आणणे म्हणजे काय दिव्य आहे! हा कायदा कधी कोणाला लागू पडेल, असे मंत्रिमंडळाला वाटले नसावे.

इकडे पंचवीस डॉलर काही येईनात. १९३६ च्या ऑगस्टात सरकारने ‘समृद्धी प्रमाणपत्रे’ म्हणून एक डॉलरचे कागद काढले. दर आठवड्याला त्यामागे एक सेंटचे तिकीट चिकटवायचे, म्हणजे कागद खरा. लोकांनी पैसा दाबून ठेवू नये, फिरवत राहावा, ही त्यातली कल्पना. पण तिकीट चिकटवण्याच्या आदल्या दिवशी जो तो कागद दुसऱ्याच्या गळ्यात मारू लागला. दुकानदार कंटाळले आणि पुढच्या वर्षापर्यंत तो खेळ आटोपला. १९३७ च्या वसंतात हेडमास्तरांच्या स्वतःच्याच पक्षातल्या आमदारांनी वर्गात दंगा केला: वचन दिलेत त्याचे काय झाले? त्याच वर्षी सरकारने १९२८ च्या शस्त्रक्रियेच्या कायद्यात दुरुस्ती करून, मतिमंद ठरवलेल्या माणसांच्या बाबतीत संमतीची अटच काढून टाकली. ज्यांना तक्रार करता येत नव्हती, त्यांची संमती अशी चुपचाप गेली.

ज्यांना तक्रार करता येत होती, ते मात्र उठले. १९३७ साली ओकोटोक्स–हाय रिव्हरमध्ये सह्यांचे कागद फिरू लागले. मुख्यमंत्र्यांनीच केलेल्या कायद्याखाली मुख्यमंत्र्यांनाच परत बोलावण्याचा अर्ज! प्रांतात आमदार पुष्कळ होते, पण कायद्याचा पहिला प्रयोग झाला तो कर्त्यावरच. घोडागाड्यांतून, मोटारींतून कार्यकर्ते माळावरच्या एकेका घरी जाऊ लागले. पावसाळ्यात आपल्याकडे शाळेसाठी वर्गणी मागत फिरतात, त्याहूनही चिकाटीने. पानझडीचे दिवस आले तोवर पुरेशा सह्या जमल्या आहेत, अशी बातमी प्रांतभर झाली.

मग १९३७ च्या शरदातील अधिवेशनात सरकारने तो कायदाच रद्द केला. तोही पूर्वलक्षी परिणामाने, म्हणजे जणू तो कधी झालाच नव्हता असा! जमलेल्या सह्या एका रात्रीत रद्दी झाल्या. प्रश्नपत्रिका मास्तरांनीच काढली, वर्गाला दिली आणि स्वतःचा क्रमांक आला तशी ती फाडून टाकली. शाळेत हे चालले नसते. कायदेमंडळात चालले, कारण तिथे बहुमत त्यांचे होते.

सरकारने सांगितलेले कारणही ऐकले पाहिजे, नाहीतर इतिहास म्हणून लिहिण्यात अर्थ नाही. या मतदारसंघातच टर्नर व्हॅली हे तेल आणि वायूचे क्षेत्र आहे. १९१४ साली तिथे पहिली मोठी विहीर लागली आणि १९३६ च्या जूनमध्ये खनिज तेलाचा मोठा साठा हाती आला. जास्तीचा वायू तिथे उघड्यावर जाळीत. त्या ज्वाळांचा उजेड रात्री कॅलगरीपर्यंत दिसे. सोशल क्रेडिटला पाण्यात पाहणाऱ्या तेल कंपन्यांनी आपल्या कामगारांना धाक घालून सह्या करायला लावल्या, असा सरकारचा आरोप होता.

हा आरोप कितपत खरा, हे ठरवणारी चौकशी सरकारने स्वतःच अशक्य करून ठेवली. कायदाच राहिला नाही, मग सह्या तपासणार कोण? परंतु आरोपामागे जो मुद्दा आहे तो पोकळ नाही. मत गुप्त असते, सही उघडी असते. मतदानकेंद्रात मी पुष्कळदा पाहिले आहे: बाहेर ज्या मालकासमोर मान वर होत नाही, त्याचाच गडी पडद्याआड जातो तेव्हा क्षणभर एकटा असतो. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत नाही आणि ओळखता येऊ नये यातच सारे आले. सहीच्या कागदाला पडदा नसतो. खेड्यात कोणाची सही आहे आणि कोणाची नाही, हे संध्याकाळच्या आत पारावर कळते. मालकाच्या धाकाने सही होऊ शकते, तशीच सरकारच्या धाकाने ती नाकारलीही जाऊ शकते. याचा उपाय साधा होता. सह्या पुरेशा झाल्या म्हणजे त्या मतदारसंघात गुप्त मतदान घ्यायचे आणि हेडमास्तर हवेत की नकोत ते पडद्याआड विचारायचे. कायद्यात दोष होता तर कायदा दुरुस्त करता आला असता. दुखऱ्या दातासाठी जबडा काढणारा वैद्य आणि हे सरकार यांत फारसे अंतर राहिले नाही.

त्याच अधिवेशनात वर्तमानपत्रांना लगाम घालणारे विधेयकही मंजूर झाले. प्रांताच्या नायब गव्हर्नरने त्याला संमती रोखून धरली आणि १९३८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. या लढ्याबद्दल एडमंटनच्या एका दैनिकाला अमेरिकेतल्या पुलित्झर पारितोषिक-मंडळाची खास कांस्यपट्टिका मिळाली आणि प्रांतातल्या छोट्या साप्ताहिकांनाही मानपत्रे मिळाली. वर्तमानपत्रांचा हक्क न्यायालयाने वाचवला. मतदारांचा हक्क वाचवायला कोणी आले नाही. एका कायद्याने दिलेला हक्क दुसऱ्या कायद्याने गेला, आणि त्यात बेकायदा असे काहीच नव्हते.

तरीही शेवटचा शब्द मतदारसंघाचाच झाला. मार्च १९४० मध्ये निवडणूक आली, तेव्हा मुख्यमंत्री ओकोटोक्स–हाय रिव्हरमधून उभेच राहिले नाहीत. ते कॅलगरीला गेले आणि तिथून निवडून आले. इकडे लोकांनी जेम्स ब्रूमफील्ड या अपक्षाला निवडून दिले. गडगडत आलेला खडक नापीला गाठू शकला नाही, पण त्याने नापीला मुलूख सोडायला लावला! प्रांतात सोशल क्रेडिटचे बहुमत टिकले, मात्र ५६ जागांवरून ते ३६ वर आले. हेडमास्तर १९४३ च्या मे महिन्यात मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. त्यांचे शिष्य अर्नेस्ट मॅनिंग यांनी पुढे पंचवीस वर्षे राज्य केले.

मतदारसंघाने राग धरून ठेवला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४४ साली त्याने सोशल क्रेडिटच्याच आयव्हन केसी यांना निवडले. ते पुढे शिक्षणमंत्री झाले. १९५५ साली त्यांनाही पाडले. १९५९ साली त्याच पक्षाचे एडवर्ड बेनॉइट आले. १९७१ साली सोशल क्रेडिटची छत्तीस वर्षांची सत्ता गेली आणि त्याच वर्षी ओकोटोक्स–हाय रिव्हर हे नावही गेले. नव्या नकाशावर नदीचे नाव आले: हायवुड.

नाव बदलले तरी खोड गेली नाही. २०१२ साली हायवुडमधून डॅनिएल स्मिथ या वाइल्डरोज पक्षाच्या नेत्या निवडून आल्या आणि विरोधी पक्षनेत्या झाल्या. डिसेंबर २०१४ मध्ये त्या आठ सहकाऱ्यांसह थेट सत्ताधारी पक्षात गेल्या. (पक्षांतर म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी समजावून सांगण्याची गरज नाही.) परत बोलावण्याचा कायदा तेव्हा नव्हता. पण मार्च २०१५ मध्ये, नव्या पक्षाची उमेदवारी मागायला त्या आपल्याच मतदारसंघात गेल्या, तेव्हा तिथल्या सभासदांनी ती दुसऱ्याच बाईंना दिली. पुढे त्याच स्मिथबाई २०२२ साली प्रांताच्या मुख्यमंत्री झाल्या आणि मग दुसऱ्या मतदारसंघातून निवडून आल्या.

आणि कायदाही परत आला! २०२१ साली अल्बर्टाने आमदार परत बोलावण्याचा नवा कायदा केला, तो २०२२ पासून लागू झाला. १९३७ चा धडा त्यात उतरलेला दिसतो. सह्या पुरेशा झाल्या तरी जागा लगेच रिकामी होत नाही. आधी मतदारसंघात मतदान घ्यावे लागते. म्हणजे पडदा आला. २०२५ च्या ऑक्टोबरात प्रांतभरच्या शिक्षकांनी संप केला. सरकारने खास कायदा करून त्यांना कामावर परत पाठवले आणि वर्षअखेरपर्यंत सत्ताधारी पक्षाच्या वीसहून अधिक आमदारांविरुद्ध परत बोलावण्याचे अर्ज निघाले. आरंभ शिक्षणमंत्र्यांपासून झाला. एका हेडमास्तराने फाडलेली प्रश्नपत्रिका अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मास्तरांच्याच संपातून पुन्हा सरकारपुढे यावी, याला काय म्हणावे!

आपल्या देशात हा प्रश्न नवा नाही. १९७४ साली जयप्रकाश नारायण यांनी प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क लोकांना मिळावा, अशी मागणी केली होती. आमदार-खासदारांच्या बाबतीत ती मागणीच राहिली. पण आपल्या महाराष्ट्रात, सरपंचाची थेट निवड करण्याचा कायदा २०१७ साली झाला तेव्हा, अशा सरपंचाला काढायचे तर पंचायत सदस्यांच्या तीनचतुर्थांश बहुमतानंतर ग्रामसभेनेही गुप्त मतदानाने होकार द्यावा, अशी तरतूद आली. ज्या गावाने बसवले त्याच गावाला विचारायचे आणि पडद्याआड विचारायचे. ओकोटोक्स–हाय रिव्हरच्या लोकांना १९३७ साली एवढेच हवे होते, आणि एवढेच त्यांना मिळाले नाही.

या मतदारसंघाचा इतिहास वाचून झाल्यावर माझे एक मत पक्के झाले. सत्तेवरच्या माणसाने खुशीने दिलेला हक्क तोपर्यंतच आपला, जोपर्यंत तो त्याच्याविरुद्ध वापरला जात नाही. पहिल्यांदा वापरला जाईल त्या दिवशी तो हक्क होता की बक्षीस होते, ते कळते. त्या माळावरच्या शेतकऱ्यांना ते कळले, तेव्हा त्यांनी दंगल केली नाही, कोणाचे घर जाळले नाही. रद्दी झालेल्या सह्यांचे कागद त्यांनी बाजूला ठेवले आणि मुदत संपण्याची वाट पाहिली. मग एका मार्च महिन्यातल्या थंडीत ते पडद्याआड गेले आणि जे लिहायचे होते ते लिहून आले. तेवढा पडदा मात्र त्यांच्याकडून कोणालाही काढून घेता आला नव्हता.